हवाईच्या मूळ वनस्पतींची रोपे करताना या चुका टाळा

हवाई बेटांवरील मूळ सपुष्प वनस्पतींपैकी सुमारे ९० टक्के जाती जगात अन्यत्र कोठेही निसर्गतः वाढत नाहीत, आणि तरीही तेथील बागांमधून मिरवणारे चाफा आणि बोगनवेल हे दोन्ही बाहेरून आलेले आहेत. मूळ झाडांना शोभेच्या बागेत जागा मिळावी यासाठी मानोआ येथील हवाई विद्यापीठाच्या कृषी महाविद्यालयात आणि लायन वनस्पती उद्यानात अनेक वर्षे काम झाले आहे. अभिवृद्धीतील, म्हणजे बी किंवा कलमापासून रोपे करण्यातील, बहुतेक अपयशांचे मूळ एकच असते, ते म्हणजे 'देशी झाड' ही जणू एकच जात आहे असे मानून सर्वांना एकच कृती लावणे.

पहिली चूक बियांच्या कवचाबाबत होते. कोआ व विलिविली हे वृक्ष आणि आआलीई हे झुडूप यांच्या बियांचे कवच पाणी आत शिरू देत नाही. असे बी तसेच पेरले तर महिनोन्महिने ते जसेच्या तसे पडून राहते आणि रोपवाटिकाधारक बीच पोचट निघाले असे समजून कुंडी रिकामी करतो. उकळी येण्याच्या बेतात असलेले पाणी विस्तवावरून उतरवून त्यात आआलीईचे बी सोडावे आणि दिवसभर भिजू द्यावे. दुसऱ्या दिवशी फुगून टपोरे झालेले बी पेरावे. जे पहिल्यासारखेच बारीक आणि टणक राहिले असेल त्याला पुन्हा गरम पाणी द्यावे. विलिविलीचे बी मोठे असल्याने कानशीने एका बाजूला किंचित घासले तरी पुरते, मात्र घाव आतल्या अंकुरापर्यंत जाऊ देऊ नये.

ओहिआ लेहुआ या तेथील रानातल्या प्रमुख वृक्षजातीची गोष्ट नेमकी उलट आहे. तिचे बी केसाच्या तुकड्याएवढे बारीक असते, त्यातले पुष्कळसे रिकामे असते आणि रुजण्यासाठी त्याला उजेड लागतो. सवयीने त्यावर मातीचा थर पसरला की रुजण्याची आशा संपते. झारीचे पाणीही त्याला सोसत नाही. थेंबांबरोबर बी कुंडीच्या कडेला वाहून जाते. म्हणून ते ओलसर, बारीक माध्यमावर नुसते भुरभुरावे आणि कुंडी पाण्याच्या ताटात ठेवून खालून पाणी चढू द्यावे.

पोहिनाहिना आणि नाऊपाका या झुडपांची छाटकलमे सहज मुळे धरतात, आणि या सोपेपणामुळेच प्रत्येक झाड छाटकलमाने लावू पाहण्याची पुढची चूक घडते. ओहिआच्या पक्व फांदीला मुळे फुटायला फार वेळ लागतो आणि पुष्कळदा फुटतही नाहीत. तेथे गुटी कलम, म्हणजे झाडावरच्याच फांदीला मुळे फोडून मग ती कापणे, अधिक भरवशाचे ठरते. तिच्या फुलाचा पिवळा रंग हमखास हवा असेल तर बियांच्या रोपांवर विसंबू नये, कलमच करावे.

पाण्याचा अतिरेक ही सर्वांत सामान्य चूक असावी. विलिविली ही आपल्या पांगाऱ्याच्या कुळातली, कोरड्या रानातली; उन्हाळ्यात तिची पाने गळतात. पाने गळली म्हणून घाबरून पाणी वाढवले की मुळे कुजतात.

माझ्या मते सर्वांत गंभीर चूक मात्र बी कोठून घेतले याची नोंद न ठेवणे ही आहे. लोउलु या ताडवर्गीय झाडांच्या जाती निसर्गात वेगवेगळ्या बेटांवर आणि दऱ्यांत अलग राहिल्या, पण उद्यानात शेजारी लावल्या की त्यांचा सहज संकर होतो. अशा उद्यानातून वेचलेल्या बियांपासून आलेले रोप नेमके कोणत्या जातीचे हे मग कोणीच सांगू शकत नाही. कोकिओ केओकेओ या सुगंधी पांढऱ्या जास्वंदीचेही तसेच आहे. बागेतल्या संकरित जास्वंदीजवळच्या झाडाचे बी शुद्ध राहिलेच असे धरून चालू नये. शोभेसाठी वाढवलेले रोप एखाद्या दिवशी रानाच्या कडेला लावले जाते आणि तेथून त्याचे परागकण मूळ झाडांपर्यंत पोहोचतात.

इलिआही म्हणजे तेथील चंदन, आणि चंदनाप्रमाणेच तेही अर्धपरोपजीवी आहे, म्हणजे पोषणाचा काही भाग शेजारच्या झाडाच्या मुळांतून घेते. आपल्याकडे शेतकरी चंदनाशेजारी तूर लावतात तोच न्याय येथेही लागू होतो. यजमान झाडावाचून रोप काही काळ हिरवे दिसते आणि मग खंगत जाते. साठवणुकीतही एकच नियम चालत नाही. कदंबाच्या कुळातील अनेक हवाईयन जातींचे बी उणे १८ अंशांवर ठेवले तर ५ अंशांवरच्या बियांपेक्षा लवकर मरते, असे तेथील बीजपेढीच्या अभ्यासातून दिसून आले आहे.

शेवटची बाब रोगाची आणि कायद्याची. २०१४ मध्ये ओळख पटलेल्या बुरशीजन्य मर रोगाने 'हवाई' याच नावाच्या सर्वांत मोठ्या बेटावर दहा लाखांहून अधिक ओहिआ वृक्ष मारले आहेत, आणि ही बुरशी फांदीच्या जखमेतून शिरते. म्हणून कलमाची कात्री प्रत्येक झाडानंतर ७० टक्के अल्कोहोलने पुसावी, आणि त्या बेटावरून ओहिआचे रोप, फांदी किंवा माती परवानगीशिवाय दुसऱ्या बेटावर नेऊ नये. १९८८ पासून राज्यफूल असलेली पिवळी माओ हाऊ हेले ही संकटग्रस्त जात आहे. तिची रोपे विकण्यापूर्वी राज्याचा परवाना घ्यावा, आणि बी रानातून न आणता लागवडीतल्या, नोंद असलेल्या झाडावरूनच घ्यावे.