अडीच मिलिमीटरची अक्षरं आणि चार प्लेटा

डीटीपीचा, म्हणजे संगणकावर पानं मांडायचा, कोर्स संपवून चार महिने झाले होते आणि आमच्या शाळेच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेचं काम मी हौसेनं अंगावर घेतलं. ६४ पानं, सगळी बहुरंगी. फोटोशॉप तेवढं हातात बसलेलं, म्हणून मजकूरसुद्धा तिथेच टाकला. स्क्रीनवर पानं देखणी दिसत होती. डिजिटल प्रूफही, म्हणजे छपाईआधीचा नमुना, छान आलं, मी त्यावर 'ओके' लिहून सही केली.

रात्री प्रेसमधून फोन. मशीन थांबवलं होतं. मशीनमननी सुटा कागद पुढे धरला आणि हातात भिंग दिलं. मजकुरातल्या प्रत्येक काळ्या अक्षराला एका बाजूनं गुलाबी आणि दुसऱ्या बाजूनं निळसर कड! "यात काळा एकटा नाहीये, चौघं आहेत," ते म्हणाले.

झालं होतं असं. मी आरजीबीत (स्क्रीनच्या लाल-हिरव्या-निळ्यात) काम करून शेवटी फाईल सीएमवायकेत, म्हणजे छपाईच्या सायन (निळसर), मॅजेंटा (गुलाबी), यलो आणि ब्लॅक या चार शायांत बदलली. फोटोशॉपच्या नेहमीच्या सेटिंगमध्ये शुद्ध काळ्याचं तेव्हा सायन ७५, मॅजेंटा ६८, यलो ६७ आणि ब्लॅक ९० टक्के होतं. प्रत्येक शाईची छापायची प्लेट वेगळी, म्हणजे अडीच मिलिमीटरचं अक्षर चार प्लेटांवरून छापायचं. मशीनवर कागद केसभर जरी सरकला तरी रंग एकमेकांवर बसत नाहीत. डिजिटल प्रूफ प्लेटांवरून निघतच नाही, त्यामुळे त्यात हे दिसणारही नव्हतं. प्लेटा परत काढाव्या लागल्या, खर्च माझ्याच खिशातून गेला.

तेव्हापासून मजकूर कोरल नाहीतर इनडिझाईन या पानं मांडायच्या सॉफ्टवेअरमध्ये, आणि काळा म्हणजे फक्त के १००, एकटा ब्लॅक शंभर टक्के. फोटोशॉप फक्त फोटोंसाठी. मोठ्या काळ्या पट्ट्यात मात्र एकटा काळा फिका, राखाडी दिसतो, तिथे थोडा सायन मिसळलेला चालतो. पण त्यातही चारही रंग शंभर टक्के भरू नका, शाई वाळत नाही आणि पुढच्या कागदाच्या पाठीला लागते.

फोटोंचं दुखणं वेगळं. माजी विद्यार्थी व्हॉट्सॲपवर फोटो पाठवतात आणि वर "एचडी आहे" असंही लिहितात. ३०० डीपीआयनं, म्हणजे इंचाला ३०० ठिपके धरून मोजा: १२०० पिक्सेल रुंदीचा फोटो कागदावर जेमतेम ४ इंच येतो. फोटोशॉपमध्ये आकडा ७२ चा ३०० करून तपशील वाढत नाही, हे मी स्वतः करून बघितलंय. मूळ फोटो ईमेलनं किंवा ड्राइव्हवर मागवा, चिकाटीनं मागवा.

मराठीत काम असेल तर फॉन्टचं बघायलाच हवं. इनडिझाईनमध्ये वर्ल्ड रेडी कंपोझर (देवनागरीसारख्या लिप्या नीट जुळवणारी सेटिंग) निवडला नसेल तर ऱ्हस्व वेलांटी भलत्याच जागी बसते, जोडाक्षरं सुटी होतात. कोरलची फाईल प्रेसला देताना कंट्रोल क्यू करून अक्षरं कर्व्हमध्ये, म्हणजे चित्रासारख्या आकारांत बदला, नाहीतर त्यांच्याकडे तो फॉन्ट नसला की पानभर खुणाच खुणा. पण त्याआधी फाईलची वेगळी प्रत ठेवा. कर्व्ह झालेल्या अक्षरात अध्यक्षांच्या आडनावाचा ऱ्हस्व-दीर्घ दुरुस्त करायची वेळ माझ्यावर आली आहे, अर्थातच छपाईच्या आदल्या रात्री.

ब्लीड (कापताना पांढरी कड राहू नये म्हणून पानाबाहेर वाढवलेला रंग) चारही बाजूंना ३ मिमी, आणि मजकूर कटिंगपासून निदान ५ मिमी आत. सेंटर पिन, म्हणजे मधोमध पिना मारलेली बांधणी असेल तर पानं चारच्या पटीत हवीत. जाड अंकाच्या कण्याची रुंदी अंदाजानं ठरवू नका, त्याच कागदाची कोरी डमी प्रेसकडून बांधून घ्या आणि पट्टीनं मोजा.

आता पीडीएफ पाठवण्याआधी ॲक्रोबॅट प्रोमध्ये आउटपुट प्रिव्ह्यू (प्रत्येक शाई वेगळी दाखवणारी खिडकी) उघडते आणि काळ्या रंगावरची टिक काढते. पानावरचा सगळा काळा मजकूर नाहीसा झाला तर फाईल बरोबर. एखादा शब्द मागे राहिलाच, तर तो चार प्लेटांवर आहे.