कच्च्या बटाट्याच्या फोडीवर उत्प्रेरकाचं काम कसं पाहावं

मेडिकलमधून जखम धुवायचं हायड्रोजन पेरॉक्साइड आणा, ३ किंवा ६ टक्क्यांचं. त्याहून तीव्र नको, कातडी भाजते. बाटली सावलीत ठेवा. नागपूरच्या मे महिन्यात मी ती वरच्या मजल्यावर, तापलेल्या स्लॅबखाली विसरलो होतो. प्रयोगाच्या दिवशी फेसच येईना. हे द्रव्य आपणहूनच पाणी आणि ऑक्सिजन होत असतं, पण फार सावकाश. उष्णतेने ते लवकर होतं. उत्प्रेरक, म्हणजे स्वतः खर्च न होता क्रियेचा वेग वाढवणारा पदार्थ, हेच काम न तापवता करून देतो.

आता तीन काचेचे ग्लास घ्या, प्रत्येकात दोन बोटं पेरॉक्साइड ओता. पहिल्यात काही टाकू नका. दुसऱ्यात कच्च्या बटाट्याची फोड, तिसऱ्यात उकडून गार केलेली. कोणताही ग्लास झाकू नका, वायू बाहेर पडायला हवा.

दुसऱ्या ग्लासकडे नीट पाहा. कापलेल्या कडेला आधी खसखशीएवढे बुडबुडे चिकटतात, मग पांढरा फेस चढू लागतो. फेसाच्या जरा वर धुमसती उदबत्ती धरली की टोक लखलखतं, म्हणजे वायू ऑक्सिजनच. बटाट्यात कॅटलेज नावाचं विकर (एन्झाइम), म्हणजे सजीवांतला उत्प्रेरक, असतं. त्याचा एकेक रेणू सेकंदाला पेरॉक्साइडचे लाखो रेणू फोडतो. उकडल्यावर विकराच्या रेणूची घडी मोडते आणि ते निकामी होतं, म्हणून तिसरा ग्लास गप्प.

हे होतं कसं? नागपूर स्टेशनवरून बर्डीत, म्हणजे सीताबर्डीच्या बाजारात, जायला मधली किल्ल्याची टेकडी चढून कोणी जात नाही, खालून वळसा घेतो. रेणूंनाही फुटण्याआधी ऊर्जेची अशी एक टेकडी ओलांडावी लागते. तिला सक्रियण ऊर्जा म्हणतात. उत्प्रेरक रेणूंना ढकलत नाही, कमी चढाची वेगळी वाट देतो. निघायचं ठिकाण तेच, पोचायचंही तेच. स्वीडिश रसायनशास्त्रज्ञ बर्झेलियस यांनी १८३५ मध्ये या प्रकाराला ‘कॅटॅलिसिस’ (उत्प्रेरण) हे नाव दिलं.

पुढची पायरी बहुतेक जण गाळतात, आणि माझ्या मते खरी गंमत तिथेच आहे. फेस ओसरला की दुसऱ्या ग्लासातलं पाणी ओतून द्या आणि त्याच फोडीवर ताजं पेरॉक्साइड घाला. पुन्हा फेस! विकर खर्च झालं नाही. मात्र चौथ्या-पाचव्या वेळी जोर कमी वाटेल, कारण पेरॉक्साइड हळूहळू विकरालाच खराब करतं.

हौस असेल तर शेवटी बटाटा किसून टाका. पण ग्लासखाली ताट ठेवा, फेस उतू जातो. आणि तो कीस भाजीत नको, कचऱ्यात.