पवित्र शास्त्राचं मनन : आधी या चुका टाळा, मग मला फोन करा

दर वर्षी एक जानेवारीला आमच्या मंडळीतली निम्मी तरुण पोरं ‘वर्षभरात संपूर्ण पवित्र शास्त्र’, म्हणजे अख्खं बायबल, असा तक्ता घेऊन फिरतात, आणि आमच्या सोलापुरातल्या गड्ड्याच्या यात्रेतले पाळणे उतरायला लागेपर्यंत लेवीय या तिसऱ्या पुस्तकात अडकतात. हिशेब सोपा आहे. उत्पत्तीचे ५० अध्याय, निर्गमाचे ४०. रोज तीन-साडेतीन अध्याय धरले तर जानेवारी संपता संपता होमबली आणि अन्नार्पणं समोर येतात. मग फोन येतो, “काकू, वाचन सुटलं.” बुधवारी संध्याकाळी माझ्याकडे शास्त्र-अभ्यास असतो, त्यामुळे ही सगळी दुखणी माझ्याच दारात येतात. तेच ते सांगून कंटाळा आला, म्हणून एकदाचं लिहून टाकते.

तक्त्यावर टिक, डोक्यात काही नाही

६६ पुस्तकं, ११८९ अध्याय. ते वर्षात वाचायला माझी काही हरकत नाही, मीही वाचते. पण दुपारी चारला “सकाळी काय वाचलंस?” म्हटल्यावर मोबाइल काढून बघावं लागत असेल, तर मनन झालेलं नाही एवढं कबूल करा. पहिल्या स्तोत्रातला माणूस रात्रंदिवस मनन करतो. आपण सहा ते सव्वासहा करतो आणि वर थकतो.

माझ्याकडे वाचन आणि मनन यांची खाती वेगळी आहेत. वाचन तक्त्याप्रमाणे पुढे सरकतं. मननाला आठ-दहा वचनांचा एकच उतारा, आणि तो आठवडाभर. सोमवारी तो वहीत हाताने उतरवून काढायचा, रोज एकदा मोठ्याने म्हणायचा, शनिवारपर्यंत वही न बघता म्हणता आला पाहिजे. सुरुवात कुठून करू असं विचारणाऱ्यांना मी स्तोत्र ११९ देते. १७६ वचनं ऐकून पोरं घाबरतात, पण त्याची आठ-आठ वचनांची २२ कडवी आहेत. आठवड्याला एक कडवं धरलं तर पाच महिन्यांत स्तोत्र तुमचं. “आठवडाभर तेच? बोअर होतं ना काकू,” असं एकाने मला सांगितलं. हाच मुलगा एकच रील सतरा वेळा बघतो.

बोट ठेवलं, वचन मिळालं

या चुकीवर माझा विशेष राग आहे, कारण तिचे हप्ते फिटताना मी पाहिलेत.

आमच्या ओळखीतला एक जण सुताच्या पेढीवर हिशेब लिहायचा. मनात खूप दिवसांपासून स्वतःचा टॉवेलचा कारखाना. एका रात्री प्रार्थना करून त्याने डोळे मिटले, पान उघडलं, बोट ठेवलं. अनुवाद या पुस्तकातलं २८:१२, म्हणजे अध्याय २८, वचन १२. तुझ्या हातच्या सगळ्या कामाला परमेश्वर आशीर्वाद देईल, अशा अर्थाचं वचन. झालं! वचन स्टेटसला, वचन फ्रेममध्ये, रविवारी उपासनेत साक्ष. महिन्याभरात अक्कलकोट रोडला भाड्याची शेड, जुने चार माग, बँकेचं कर्ज, ते पुरेना म्हणून खाजगी कर्ज, आणि बायकोच्या पाटल्या गहाण. मी तेव्हाच विचारलं होतं, “अध्याय सगळा वाचलास का?” त्यावर उत्तर, “काकू, तुमचा विश्वास कमी पडतोय.”

मग सुताचा भाव चढला. वजन कमी भरलं म्हणून व्यापाऱ्याने माल परत पाठवला. दिवाळीनंतर दोन कामगार दुसऱ्या कारखान्यात गेले. लाइटबिल मात्र वेळेवर येत राहिलं. तो देवळात यायचा बंद झाला, आणि एक दिवस त्याची बायकोच त्याला माझ्याकडे घेऊन आली. आल्या आल्या म्हणाला, “देवाने शब्द पाळला नाही.”

मी त्याच्या हातात पुस्तक दिलं आणि अध्याय २८ पहिल्यापासून मोठ्याने वाचायला लावला. मवाबाच्या भूमीत मोशे अख्ख्या इस्राएल राष्ट्राशी बोलतोय. सुरुवातच ‘तू त्याची वाणी लक्षपूर्वक ऐकलीस तर’ अशा अटीने होते. आशीर्वाद चौदाव्या वचनापर्यंत. पंधरापासून अडुसष्टपर्यंत नुसते शाप. पण एवढं लांब जायची गरजच पडली नाही. बाराव्या वचनाचा उरलेला अर्धा भाग त्याने वाचला, तू पुष्कळ राष्ट्रांना उसनं देशील पण स्वतः उसनं घेणार नाहीस, आणि तिथेच थांबला. त्याची बायको म्हणाली, “म्हणजे कर्ज ज्याच्यावर काढलं, त्याच ओळीत हे होतं?” तो काही बोलला नाही. फ्रेम करणाऱ्याने अर्धंच वचन छापलं होतं, कारण यानेच अर्धं लिहून दिलं होतं.

आता, कर्ज काढणं पाप आहे असं मी म्हणत नाही. तशी मनाई त्या वचनातही नाही, ते आज्ञा पाळणाऱ्या राष्ट्राच्या भरभराटीचं वर्णन आहे. सोलापुरातल्या एका शेडला पुढच्या दिवाळीपर्यंत नफा होईल की नाही, हा तिथला विषयच नव्हता. त्यासाठी सुताचा भाव, मागांची अवस्था आणि ऑर्डर बघायची असते. पेढीवर बसणाऱ्या माणसाला हे माझ्यापेक्षा जास्त कळत होतं. माग शेवटी विकले, पाटल्या बऱ्याच उशिरा सुटल्या. तो आता दुसऱ्या पेढीवर आहे आणि बुधवारी कुणी सुटं वचन म्हणून दाखवलं की आधी तोच ओरडतो, “वरचं वाच की बे!”

यिर्मया २९:११ चंही तेच. आशेचं, कल्याणाच्या संकल्पांचं ते वचन लग्नपत्रिकेपासून रिक्षाच्या मागच्या काचेपर्यंत सगळीकडे आहे. ते यरुशलेमेहून बाबेलातल्या बंदिवानांना पाठवलेल्या पत्रातलं आहे, आणि त्याच्या लगेच आधीच्या वचनात ७० वर्षं थांबायला सांगितलंय. म्हणजे पत्र ऐकणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांच्या हयातीत सुटका नव्हती. घरं बांधा, बागा लावा, ज्या शहरात आहात त्याचं भलं बघा, असा त्या पत्राचा सूर आहे. दहावं वचन स्टेटसला ठेवलेलं मी अजून पाहिलं नाही. परीक्षेच्या आदल्या रात्री फिलिप्पै ४:१३, म्हणजे ‘मला सामर्थ्य देणाऱ्याकडून मी सर्व काही करू शकतो’ हे, पाठवणाऱ्यांनीही बारावं वचन वाचावं. तिथे कैदेतला पौल उपाशी राहायलाही शिकलो म्हणतो, मार्कांचं काही म्हणत नाही. आणि सुटी वचनं पाठ असण्याचा फार अभिमान वाटत असेल, तर मत्तय ४ उघडा. येशूला मंदिराच्या शिरोभागी उभं करून सैतान स्तोत्र ९१ च म्हणून दाखवतो.

माझी सवय अशी की आवडलेल्या वचनाच्या आधीची दहा आणि नंतरची दहा वाचल्याशिवाय पेन्सिल लावायची नाही. कोण बोलतंय, कुणाला, कुठल्या प्रसंगी, हे वहीत एका ओळीत लिहायचं. लिहिता येत नसेल तर वचन अजून आपलं झालेलं नाही.

शांतता मिळाल्यावर बसू

मिळणार नाही. शेजारी माग चालू, खाली भाजीवाला, वर मुलांचा क्लास. आणि आपल्याकडे नळाला रोज पाणी येत नाही, त्यामुळे पाण्याच्या दिवशी सकाळ टाक्या, पिंप आणि बादल्यांतच जाते. त्या दिवसासाठीच पाठांतर असतं. पाइप एका पिंपातून दुसऱ्यात टाकताना मी आठवड्याचा उतारा पुटपुटते. वरच्या मजल्यावरच्या सुनेला सुरुवातीला वाटायचं की मी तिच्याबद्दल काहीतरी बोलतेय. पाठ होतच नसेल तर चाल लावा. १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतलेल्या कवी ना. वा. टिळकांनी ख्रिस्ताची भक्ती अभंग-भजनांत आणली, कीर्तनं केली. टाळ-चिपळ्यांवर चढलेलं आपल्या लोकांच्या तोंडात राहतं, हे त्यांना चांगलं माहीत होतं.

मोबाइलवर वाचायचं असेल तर इंटरनेट बंद करून वाचा. याहून जास्त काय सांगू.

डोकं रिकामं करणं, श्वास मोजणं हे वेगळं. मननात डोकं भरायचं असतं.

“आज काही जाणवलं नाही” ही तक्रार मी ऐकून घेत नाही. रोज अंगावर काटा यायलाच हवा, असं कुठे लिहिलंय?

आणि ‘पाच मिनिटांत आजचं मनन’ असले तयार डोस. दुसऱ्याने चावून दिलेलं गिळायचं आणि पुढे पाठवायचं. पाठवणाऱ्यातल्या निम्म्यांनी तेही वाचलेलं नसतं. पंडिता रमाबाईंनी केडगावला मुक्ती मिशनचा एवढा पसारा सांभाळत, मूळ हिब्रू आणि ग्रीक शिकून, अख्खं पवित्र शास्त्र सोप्या मराठीत आणलं. १९२२ मध्ये त्या गेल्या, तोपर्यंत कित्येक वर्षं हेच काम चालू होतं. अडाणी बाईलाही स्वतः वाचून कळावं म्हणून केलेली ही खटपट. आपल्याला ते पान उघडायलाही वेळ नाही म्हणतो.

दुसऱ्याला लागू पडणारी वचनं

पुरुषांना इफिस ५:२२ पाठ असतं, बायकोने अधीन राहावं ते. पंचविसावं, ज्यात ख्रिस्ताने मंडळीवर केली तशी प्रीती नवऱ्याने करावी असं आहे, ते विचारलं की खोकला येतो. बायकांनी फार हसू नये, सासवांचीही अशी ठेवणीतली वचनं असतात. वाचताना डोळ्यापुढे सारखा दुसऱ्याचाच चेहरा येत असेल तर पुस्तक मिटा, पाणी प्या, आणि पुन्हा बसा.

बोलणं छान, शनिवार कोरडा

ही माझी दुसरी लाडकी चूक. एका वर्षी बुधवारी आम्ही अनुवाद २४ घेतला होता. गरीब मजुराची मजुरी त्याच दिवशी, सूर्य मावळायच्या आत द्यावी, कारण त्याचं सगळं लक्ष तिच्याकडे लागलेलं असतं. याच अर्थाची आज्ञा लेवीय १९:१३ मध्येही आहे, लेवीय अर्ध्यात सोडणाऱ्यांचं किती नुकसान होतं बघा. आमच्यातल्या एका भावांचं गणवेश शिवायचं युनिट आहे. त्यांनी या वचनावर पाऊण तास सुंदर विवेचन केलं. मजुरी म्हणजे स्वर्गीय प्रतिफळ, सूर्यास्त म्हणजे प्रभूचं येणं, असं सगळं. मागे दाराजवळ त्यांच्याच युनिटमध्ये काज-बटण करणारी बाई बसली होती. गीतांच्या पुस्तकाच्या पानाचा कोपरा ती दुमडत होती, सरळ करत होती, परत दुमडत होती. नंतर स्वयंपाकघरात चहाचे कप विसळताना ती हळूच म्हणाली, “काकू, दोन शनिवार झाले, पगार नाही. गॅसला पाचशे मिळतील का?”

पुढच्या बुधवारी मी पुन्हा तोच उतारा लावला. प्रत्येकाला एकच प्रश्न, या आठवड्यात यातलं काय केलं? त्यांची पाळी आल्यावर ते म्हणाले, “वरून पेमेंट आलेलं नाही.” आमच्याकडे आयुष्यभर विड्या वळलेल्या एक आजी येतात. त्या मान वर न करता म्हणाल्या, “पेमेंट येवो न येवो, सूर्य तर रोज मावळतोय की.” भाऊ चहा न घेता उठून गेले. त्या शनिवारी पगार झाले. भाऊ पुढे बरेच दिवस आले नाहीत. आता येतात, विवेचनही करतात, पण अर्थ काढण्याआधी आजींकडे एकदा बघतात.

तेव्हापासून वहीत उताऱ्याखाली एक ओळ सक्तीची केलीय. एक काम, एका माणसाचं नाव, एक वार. ‘सर्वांवर प्रीती करीन’ असं लिहिलेलं मी खोडते. ‘शुक्रवारी धाकट्या जावेला फोन, वाटणीच्या भांडणानंतर पहिला’ हे चालतं. मत्तय ५ मध्ये वेदीपाशी आलेल्या माणसाला अर्पण तिथेच ठेवून आधी भावाकडे जायला सांगितलंय. वार लिहिला नाही तर ते जाणं लांबतच जातं. आरशात तोंड बघून निघून जाणारा आणि आपण कसे दिसतो ते विसरणारा माणूस याकोबाने पहिल्याच अध्यायात दाखवलाय. पुढच्या सोमवारी नवा उतारा उतरवण्याआधी मागची ओळ बघायची. काम झालं नसेल तर तोच उतारा आणखी एक आठवडा. एका मुलीचे याने सलग चार आठवडे एकाच उताऱ्यावर गेले, आणि माझा हट्ट तिला आवडला नाही. मी बदलला नाही.

राहता राहिले सुटलेले दिवस. ते सुटले. त्यांचे अध्याय एका रात्रीत उरकायला बसू नका, त्यातलं एक अक्षर डोक्यात राहत नाही आणि सकाळी परत उठवत नाही. आजची तारीख बघा आणि तिथलं पान उघडा.