एचबीएवनसीचा रिपोर्ट वाचताना या चुका टाळा

चाळिशीतल्या बाईचा रिपोर्ट येतो. उपाशीपोटी साखर 104, जेवणानंतर 148 आणि 'तीन महिन्यांची शुगर', म्हणजे एचबीएवनसी, 6.9. घरात लगेच भात बंद, चहातली साखर बंद. त्याच कागदावर वरच्या ओळीत हिमोग्लोबिन 8.4 आणि एमसीव्ही, म्हणजे लाल पेशींचा सरासरी आकार, 68 छापलेलं असतं, तिकडे कुणी बघत नाही. पहिली चूक इथेच होते.

हिशोब करून बघा. एचबीएवनसीला 28.7 ने गुणा, त्यातून 46.7 वजा करा, सरासरी साखर मिळते. 6.9 ला ती येते साधारण 151. ग्लुकोमीटरवर जेवणानंतरचा आकडासुद्धा दीडशेच्या वर जात नसेल, तर चोवीस तासांची सरासरी 151 कशी असेल? म्हणजे घोळ साखरेत नसून रक्तात असू शकतो. साखर चिकटते लाल पेशीतल्या हिमोग्लोबिनला आणि ती पेशी जगते सुमारे 120 दिवस. लोह कमी पडलं की नव्या पेशी कमी बनतात, रक्तात म्हाताऱ्या पेशी जास्त राहतात आणि आकडा फुगतो. महाराष्ट्रात 15 ते 49 वयाच्या निम्म्याहून जास्त बायकांना रक्तक्षय आहे, तेव्हा ही गोष्ट दुर्मीळ नाही. अशा वेळी फेरिटिन, म्हणजे शरीरातला लोहाचा साठा, तपासा. ते कमी नसेल तर इतकी कमी एमसीव्ही थॅलेसेमिया मायनर या आनुवंशिक रक्तदोषाचीही असू शकते. मधुमेहाचं निदान पक्कं करायला 75 ग्रॅम ग्लुकोजची चाचणी करून घ्या. आणि हो, लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या की नव्या पेशी भराभर येतात, एचबीएवनसी आपोआप उतरतो. श्रेय मात्र कारल्याच्या रसाला मिळतं.

उलटा प्रकार जास्त घातक. किनवट-माहूर पट्ट्यातल्या आदिवासी वस्त्यांत सिकलसेल, म्हणजे लाल पेशी विळ्यासारख्या वाकड्या होण्याचा आनुवंशिक आजार, आढळतो. सिकलसेलच्या रुग्णात पेशी लवकर फुटतात, साखर चिकटायला वेळच मिळत नाही, एचबीएवनसी खोटा कमी येतो. त्यांच्यासाठी ही चाचणी निरुपयोगीच. नुसता वाहक असेल तरी काही पद्धतींत आकडा चुकतो. उपाशीपोटी साखर 150 आणि एचबीएवनसी 5.9 असं जुळत नसेल तर 'मधुमेह नाही' म्हणून घरी जाऊ नका. लॅबला विचारा, तपासणी एचपीएलसीवर, म्हणजे हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून मोजणाऱ्या यंत्रावर, केली का, आणि ग्राफवर वेगळं शिखर दिसलं का. नुकतंच रक्त चढवलं असेल किंवा बराच रक्तस्राव झाला असेल तरीही या आकड्यावर विसंबू नये. फ्रुक्टोसामाइन ही दोन-तीन आठवड्यांची चाचणी तिथे कामाला येते.

मोबाईलवर वाचून केलेली चूक वेगळी. अमेरिकेत सरासरी साखर सारखीच असताना कृष्णवर्णीयांचा एचबीएवनसी गोऱ्यांपेक्षा साधारण 0.4 ने जास्त आढळला, हे 2017 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसलं. ते वाचून 'वंशाप्रमाणे आकडा बदलतो' म्हणत काही जण स्वतःच्या रिपोर्टमधून पॉइंट वजा करतात. तो फरक सरासरीचा आहे, एका माणसाला लावायचा नाही. आणि तिथला आकडा इथे लागूही पडत नाही. शिवाय त्याच कृष्णवर्णीयांत किडनी निकामी होणं, पाय कापावा लागणं गोऱ्यांपेक्षा जास्त आहे. रक्तदाब, गरिबी, उशिरा मिळणारे उपचार यांचा त्यात मोठा वाटा. आकडा 'खोटा जास्त' म्हणून सोडून देणं त्यांनाही परवडत नाही.

आपला फरक दुसरीकडे आहे. भारतीयांना मधुमेह लवकरच्या वयात आणि कमी वजनावर होतो. म्हणून आपल्याकडे बीएमआय 23 पासूनच वजन जास्त धरतात. 'मी तर बारीक आहे' म्हणणाऱ्याने वजनकाटा सोडून टेप घ्यावी: कंबर पुरुषाची 90 सेंटिमीटर आणि बाईची 80 सेंटिमीटर ओलांडली की तपासणी करा. हातपाय काडीसारखे आणि सदऱ्याखाली पोट, असा माणूस प्रत्येक गावाच्या पारावर सापडतो.

नमुन्याच्या चुका साध्या, पण रोजच्या. साखरेचं रक्त राखाडी झाकणाच्या नळीतच हवं. साध्या नळीत ठेवलं तर पेशीच साखर खातात, तासाला 5 ते 7 टक्के. उन्हाळ्याच्या उष्म्यात त्याहून लवकर. खेड्यातून मोटारसायकलवर लातूरला पोचेपर्यंत 130 चे 115 झालेले असतात. जेवणानंतरचे दोन तास पहिल्या घासापासून मोजायचे, हात धुतल्यापासून नाही. आंबा किंवा गूळ हाताळून तसंच बोट टोचलं की ग्लुकोमीटर भलतंच दाखवतो. हात साबणाने धुवा, पुसून कोरडे करा. पट्ट्यांच्या डबीचं झाकण लगेच लावा, डबी उन्हात किंवा गाडीच्या डिक्कीत ठेवू नका.

एचबीएवनसी 7 च्या आत आहे म्हणून पुढच्या तपासण्या टाळणं ही सर्वांत महागात पडणारी चूक. रक्तातलं क्रिएटिनिन (किडनी बाहेर टाकते तो कचरा) वाढेपर्यंत किडनीचं निम्मं काम गेलेलं असू शकतं. त्याआधी कळतं ते लघवीतल्या अल्ब्युमिन-क्रिएटिनिन प्रमाणावरून. 30 च्या आत हवं. पहाटेची पहिली लघवी द्या. ताप, लघवीचा जंतुसंसर्ग, मासिक पाळी किंवा आदल्या दिवशीची ऊसतोडीसारखी जड मेहनत असेल तर नमुना पुढे ढकला. 30 च्या वर आलं तर लगेच किडनी गेली समजू नका, तीन ते सहा महिन्यांत तीनपैकी दोन नमुने वाढलेले आले तर खरं धरा. डोळ्यांचा पडदा बाहुली मोठी करून वर्षातून एकदा बघून घ्या, नजर स्वच्छ असली तरी. आणि तुळजापूरला किंवा वारीत अनवाणी चालण्याआधी 10 ग्रॅमच्या मोनोफिलामेंटने, म्हणजे ठरावीक दाब देणाऱ्या नायलॉनच्या धाग्याने, तळव्याची संवेदना तपासा. धागा टेकवला तरी कळत नसेल, तर उन्हाने तापलेली फरशीही कळणार नाही, फोड आला हे रात्री पाय धुतानाच दिसेल. अशा पायाला चप्पल सोडायची नाही, आणि घालण्याआधी रोज ती उलटी करून झटकायची.