गिटमध्ये राहून गेलेली अ‍ॅक्सेस की

कोडमधील बदलांची नोंद ठेवणाऱ्या गिटच्या एका जुन्या रिपॉझिटरीत, म्हणजे कोडच्या साठ्यात, मला एडब्ल्यूएस या अ‍ॅमेझॉनच्या क्लाउड सेवेत प्रवेश देणारी,  ‘एकेआयए’ने सुरू होणारी अ‍ॅक्सेस की उघडीच आढळली. ओळ खोडून नवा कमिट (बदलाची नोंद) केला तरी गिटच्या इतिहासात ती उरतेच. म्हणून मी आधी ती की निष्क्रिय केली आणि क्लाउडट्रेल या एडब्ल्यूएसमधील हालचाली टिपणाऱ्या सेवेतील ९० दिवसांच्या नोंदी बारकाईने तपासल्या. परक्या आयपी पत्त्यावरून वापर झालेला नव्हता, हे पाहून जीव भांड्यात पडला.

नंतर कीऐवजी सर्व्हरला आयएएम रोल (एडब्ल्यूएसमधील ठरावीक परवानग्या असलेली भूमिका) जोडला, म्हणजे आपोआप बदलणारी तात्पुरती क्रेडेन्शियल्स (प्रवेशासाठीची ओळख) मिळतात. तरीही रात्रीचा बॅकअप ‘अ‍ॅक्सेस डिनाइड’ दाखवून थांबला. रोलच्या पॉलिसीत (परवानग्यांच्या यादीत) बकेटचे, म्हणजे फाइली साठवण्याच्या जागेचे, नाव होते, परंतु त्यातील फाइलींसाठी नावानंतर लागणारी तिरकी रेघ आणि तारांकन (/*) राहून गेले होते. ते घालताच बॅकअप सुरळीत झाला आणि जुनी की मी कायमची काढून टाकली.