"मॅग्नेटो गेला" म्हणण्याआधी: विमानमालकांनो, या चुका टाळा

पहाटे पुण्यातून निघून बारामती गाठायची, आपलं छोटं सेस्ना विमान बाहेर काढायचं, रन-अपला, म्हणजे उड्डाणाआधीच्या इंजिन-तपासणीला, किल्ली डाव्या मॅग्नेटोवर नेली की इंजिन थरथरतं. (मॅग्नेटो म्हणजे प्लगना ठिणगी पुरवणारं यंत्र; इंजिनाला असे दोन, आणि प्रत्येक सिलिंडरमध्ये दोन्हींचा एकेक प्लग.) लगेच निदान तयार: "मॅग्नेटो गेला." बहुतेक वेळा गेलेला नसतो. एखाद्या प्लगवर शिशाचे मणी किंवा काजळी साचलेली असते. आपल्याकडे समुद्रसपाटीपासून साडेपाचशे-सहाशे मीटरवर, त्यात मे महिन्याची तापलेली हवा, आणि मिक्श्चर (इंधन-हवेचं मिश्रण) पूर्ण रिच, म्हणजे इंधन जास्त, ठेवून जमिनीवरून टॅक्सी करायची. मग दुसरं काय होणार! मिक्श्चर लीन करून, म्हणजे इंधन कमी करून, २००० आरपीएमच्या आसपास मिनिटभर इंजिन चालवा आणि पुन्हा तपासा.

तरीही थरथरत असेल तर सरसकट आठही प्लग बदलू नका. नेमकं काय बिघडलं होतं, ते मग कधीच कळत नाही. दोषी मॅग्नेटोवरच थंड इंजिन थोडा वेळ चालवा, मिक्श्चरचा नॉब ओढून इंजिन बंद करा आणि लगेच प्रत्येक एक्झॉस्ट पाइपवर तापमापक गन धरा. जो थंड, तो सिलिंडर पेटत नाहीये. त्यातला त्या मॅग्नेटोचा प्लग एएमईकडून (विमान देखभाल अभियंत्याकडून) दुसऱ्या सिलिंडरमध्ये बदलून घ्या. बिघाड प्लगबरोबर सरकला तर प्लग खराब, जागेवरच राहिला तर वायर बघायची. सगळेच सिलिंडर अडखळत असतील तेव्हा मॅग्नेटोकडे वळा.

मॅग्नेटो तपासताना आरपीएम अजिबात पडले नाहीत, की काहीजण खूश होतात. सेस्ना १७२ मध्ये मॉडेलनुसार १२५ ते १५० पर्यंत घट चालते, दोन्ही बाजूंतला फरक ५० च्या आत हवा. शून्य घट म्हणजे बहुधा दुसऱ्या मॅग्नेटोची अर्थिंगची वायर तुटलेली. म्हणजे किल्ली बंद असतानाही तो जिवंत. अशा विमानाचा पंखा हाताने फिरवायला जाऊ नका.

कॉम्प्रेशनच्या, म्हणजे सिलिंडर हवेचा दाब किती धरून ठेवतो त्याच्या, एका आकड्यावर सिलिंडर उतरवायलाही निघू नका. गरम इंजिनावर पुन्हा मोजा, हवा कुठून सुटतेय ते ऐका.

पावसाळ्यातली चूक वेगळीच. बाहेर बावीस-तेवीस अंश, हवा ओलीचिंब. कार्ब्युरेटरमध्ये, म्हणजे इंधन आणि हवा मिसळणाऱ्या भागात, बर्फ धरायला एवढं पुरतं. कार्ब हीटचा, म्हणजे कार्ब्युरेटरला गरम हवा देणारा, नॉब ओढला की बर्फ वितळून पाणी आत जातं, इंजिन आधी जास्तच गचके खातं. घाबरून लोक नॉब परत आत ढकलतात. नंतर खाली उतरून कार्ब्युरेटर उघडतात, तेव्हा आत बघण्यासारखं काही उरलेलंच नसतं.