डबा चालू होईना? फॉरमॅटचं नाव नंतर काढा

परभणी जिल्ह्यातल्या मानवतला माझं कॉम्प्युटर रिपेअरिंगचं दुकान आहे. निम्मं गिऱ्हाईक जिनिंगवाल्यांचं (कापसातून सरकी वेगळी करणाऱ्या कारखान्यांचं), निम्मं ऑनलाईन फॉर्म भरणाऱ्यांचं. फोनवर सगळ्यांचं एकच, "भाऊ, चालू होईना गेलंय, फॉरमॅट मारावं लागतंय का?" अहो, फॉरमॅट, म्हणजे डिस्क पुसून विंडोज नव्यानं टाकणं, हा विंडोजचा इलाज आहे. ज्या डब्याचा, म्हणजे कॉम्प्युटरच्या कॅबिनेटचा, पंखाच फिरत नाही, तिथं फॉरमॅट काय करणार? गाडी अडलीय कुठं ते आधी बघा.

बटण दाबून काहीच झालं नाही, लाईटसुद्धा लागली नाही, तर आधी सॉकेट तपासा. लोक तिथं मोबाईलचा चार्जर लावून बघतात आणि म्हणतात, लाईट तर आहे. चार्जर १०० व्होल्टवरही चालतो, त्यामुळं त्यावरून व्होल्टेज कळत नाही. डीपीवर (गल्लीतल्या ट्रान्सफॉर्मरवर) लोड आला की शेवटच्या घरात २३० मिळत नाहीत, मग डबा आपोआप रिस्टार्ट मारत बसतो. मल्टीमीटर लावून आकडा बघा. मागची पॉवर केबल दाबून बसवा, एसएमपीएसचं (डब्यातल्या पॉवर सप्लायच्या पेटीचं) छोटं बटण चालू आहे ना तेही बघा. तरी नाही? केबल काढा, पॉवरचं बटण अर्धा मिनिट दाबून धरा, केबल परत लावून चालू करा. लाईट जाऊन झटक्यात परत आल्यावर अडकलेले कितीतरी डबे एवढ्यावरच उठतात.

तेवढ्यानं नाही झालं तर एसएमपीएसची परीक्षा. केबल काढलेली असतानाच मदरबोर्डवरचं मोठं २४ पिनांचं कनेक्टर सोडवा, त्यातली हिरवी आणि शेजारची काळी वायर तारेच्या तुकड्यानं जोडा, मग केबल लावा. पंखा फिरलाच नाही तर एसएमपीएस बदला. फिरला तरी तो शंभर टक्के चांगला असं समजू नका, लोडवर बसणारे असतातच. आणि एसएमपीएसचं झाकण मात्र कधीही उघडू नका. केबल काढल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये जीवघेणा करंट शिल्लक असतो.

पंखा फिरतो पण स्क्रीन काळी असेल तर बहुतेक वेळा रॅम, म्हणजे मदरबोर्डवर खोचलेली मेमरीची पट्टी. रॅम काढा, सोनेरी पट्टी खोडरबरानं घासा, कचरा झटका, दोन्ही बाजूंनी टक्कन आवाज येईपर्यंत बसवा. दोन रॅम असतील तर एकेक लावून बघा. ग्राफिक कार्ड असेल तर मॉनिटरची केबल कार्डातच हवी. तारीख-वेळ रोज मागं जात असेल तर मदरबोर्डवरचा सीआर २०३२ सेल बदला. काम पाच मिनिटांचं.

चालू होऊन थोड्या वेळानं बंद पडतो, हा आमच्या भागातला खास आजार. जिनिंगच्या काट्यावरचा डबा उघडला की पंखा वरून स्वच्छ दिसतो. स्क्रू काढून पंखा उचला, खाली हीटसिंकच्या (प्रोसेसर थंड ठेवणाऱ्या धातूच्या ठोकळ्याच्या) पात्यांवर सरकीच्या कापसाची लव आणि धूळ एकजीव होऊन बसलेली असते. चिमटीत धरून ओढली तर अख्खी चकती निघते. तिच्यातून हवा जाणार कुठून? त्यात मे महिन्यात बाहेर ४२-४३ अंश. प्रोसेसर तापला की स्वतःला वाचवायला मशीन बंद करतो, लोक मात्र व्हायरस शोधत बसतात. ब्लोअर मारताना पंख्याचं पातं बोटानं धरून ठेवा, नाहीतर तो वाऱ्यावर भन्नाट फिरून बेअरिंग खराब होतं. हीटसिंक काढलाच तर प्रोसेसरवरची जुनी थर्मल पेस्ट पुसून नवी मुगाच्या दोन-तीन दाण्यांएवढीच लावा, थापू नका.

आता विंडोजचा लोगो येऊन अडकणं किंवा निळी स्क्रीन. पेनड्राईव्ह, प्रिंटर, अंगठ्याचं मशीन, सगळं काढा. विसरलेल्या पेनड्राईव्हमुळं 'ऑपरेटिंग सिस्टीम सापडली नाही' असा मेसेज येतो आणि माणूस घाबरतो. लोगो फिरत असताना दोन-तीनदा बटण दाबून बंद केलं की विंडोज १० आणि ११ स्वतःहून रिपेअरचा पडदा दाखवतात. तिथं आधी स्टार्टअप रिपेअर, मग शेवटचं अपडेट काढणं, मग सिस्टीम रिस्टोअर.

हार्डडिस्क टक-टक वाजत असेल तर यातलं काहीच करू नका, बंद करा. डिस्क जेवढी फिरेल तेवढा डेटा जाईल. आवाज नसेल तर लिनक्सच्या (विंडोजसारख्याच दुसऱ्या सिस्टीमच्या) पेनड्राईव्हवरून मशीन चालू करून फाईली बाहेर काढता येतात. बिटलॉकर (विंडोजचं डिस्कला लागणारं कुलूप) लागलेला असेल तर ४८ आकडी रिकव्हरी की लागते, ती मायक्रोसॉफ्टच्या खात्यात बघा. डेस्कटॉप कॉपी केला की झालं असं समजू नका. टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरचं डेटा फोल्डर वेगळीकडं असतं, आणि तेच दुकानदाराचं वर्ष असतं. श्रीलिपी या मराठी टायपिंगच्या सॉफ्टवेअरमधली जुनी पत्रं, डाऊनलोडमधल्या पीकविम्याच्या पावत्या, हेही घ्या. रिसेट करताना 'माझ्या फाईली ठेवा' म्हटलं तरी प्रोग्रॅम उडतातच, टॅली परत टाकावी लागते.

दुकानात यायचंच असेल तर डेस्कटॉपचा नुसता डबा आणा, मॉनिटर-कीबोर्ड घरी राहू द्या. निळ्या स्क्रीनवर खाली जो कोड येतो, त्याचा मोबाईलवर फोटो काढून आणा.